सोबतीचा गुडघा

धमालगड या करमणूक बागेच्या दरवाजावर दोन रांगा होत्या. एक धडधाकट माणसांची, उन्हातली. दुसरी पट्टेवाल्यांची, मांडवातली. या दुसऱ्या रांगेत गुडघे, खुबे, खांदे आणि मणके नुकतेच शिवून घेतलेले लोक पंख्याखाली उभे होते आणि उन्हातल्या रांगेकडे जरा कीव आल्यासारखं बघत होते. ऑपरेशन झालेल्यांना आधी आत सोडायचं, असा नियम झाल्यापासून तब्येत ठणठणीत असणं ही एक गैरसोयच होऊन बसली होती.

"पेशंट कोण, सोबती कोण?" दरवाजावरच्या मावळ्याने विचारलं. त्याच्या डोक्याला पगडी होती, कमरेला प्लास्टिकची तलवार होती आणि हातात स्कॅनर.

"पेशंट मी," उन्मेष खरोटे म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी ऑपरेशनच्याच पायावर दोन उड्या मारून दाखवल्या.

मावळा हसला. शेजारी उभ्या असलेल्या सुचेताने पर्सचा बंद घट्ट धरला. गर्दीत पाकीटमार असतात अशी तिला कायमची भीती, हे खरोट्यांना ठाऊक होतं. बायकोबद्दल त्यांना बरंच काही ठाऊक होतं आणि त्यात नवीन भर घालायची गरज त्यांना अलीकडे भासली नव्हती.

इथे पट्ट्याबद्दल सांगायला हवं.

दुखणं गुडघ्यात नसतं. गुडघ्यातून नुसती बातमी निघते. मज्जातंतूवरून ती विजेच्या बारीक ठोक्यांनी पाठीच्या कण्यात पोचते, तिथून मेंदूत जाते आणि बोंब मारायची की नाही हे मेंदू ठरवतो. ही बातमी वाटेत अडवणं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं आधी जमलं होतं. ऑपरेशन करतानाच मज्जातंतूभोवती तांदळाच्या दाण्याएवढी एक कडी बसवायची. कडी येणारा ठोका वाचते आणि उलटा ठोका सोडून त्याला जागीच संपवते. पेशंट खूश. पण हे खूश झालेले पेशंट थोड्याच दिवसांत तोच गुडघा मोडून परत यायला लागले. एकाने टाके ओले असताना कबड्डी खेळली. दुखणं हा पहारेकरी आहे, आणि त्याला घरी पाठवलं की काय होतं ते दिसू लागलं.

मग पहाऱ्याचं काम यंत्राला देऊन पाहिलं. जमलं नाही. पाय जरा ताणला गेला तरी ठोके तसेच आणि आतलं नवं लिगामेंट उसवायला लागलं तरी ठोके जवळजवळ तसेच. यातलं धोक्याचं कुठलं, हे मेंदूलाच उमगतं, आणि त्यासाठी जिवंत, चिडणारा मेंदू लागतो. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं, की मेंदू पेशंटचाच कशाला हवा? कडीने वाचलेली बातमी हवेतून दुसऱ्या माणसाच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाठवायची. पट्ट्याने कातडीवरून त्याच्या मज्जातंतूला तसेच ठोके द्यायचे. दुखेल त्याला. फार दुखलं की तो मनगटावरचं लाल बटण दाबेल, पेशंटच्या मनगटात कंप येईल आणि पेशंट थांबेल. कंपनीने याला 'सोबत' असं नाव दिलं. दुखणं नाहीसं होत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलता येतो, एवढंच या शोधाचं म्हणणं होतं.

शोध लागला परदेशात, खपला आपल्याकडे. तिकडे सोबतीच मिळेनात. लोक वकील घेऊन यायचे. आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी माणूस आधीपासून तयारच होता. फक्त पट्टा बांधायचा बाकी होता.

खरोटे नाशिकला महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. सोसायटीच्या गणपतीत पोत्यांच्या शर्यतीत, स्वतःच्या वयाचा विचार न करता, ते पहिले आले होते. दोरीला छाती लागली आणि त्याच क्षणी उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनच्या आधी घरात बैठक झाली. बंगळुरूहून मुलगा स्क्रीनवर आला. "बाबा, मी घेतलं असतं हो, पण दिवसभर मीटिंगा असतात. मध्येच ओरडलो तर क्लायंटला काय वाटेल?" जळगावच्या भावाला शुगर होती. आदल्या आठवड्यापर्यंत नव्हती. भावाबरोबर आलेल्या खरोट्यांच्या आई खुर्चीतून म्हणाल्या, "मला बांधा. माझे गुडघे तसेही गेलेलेच आहेत, त्यांना काय कळतंय!" डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. मग सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले.

"मी घेते की," सुचेता हात पुसत बाहेर आली. "मी काय, घरातच तर असते."

सुचेता शाळेत भूगोल शिकवायची. सकाळपासून दुपारपर्यंत उभी राहून शिकवायची. पण वाक्य इतक्या सहज आलं, की ते चूक आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

पट्टा बांधला त्या दिवशी मापं घ्यायला एक मुलगी आली होती. प्रत्येकाचा मज्जातंतू वेगळा, कोणाला थोड्या ठोक्याने कळ येते, कोणाला जास्त लागतो, म्हणून पट्टा माणसागणिक जुळवावा लागतो. "काकू, एक ते दहा. दहा म्हणजे सहनच होत नाही. मी हळूहळू वाढवणार. पाच झालं की सांगा." पडद्यापलीकडे दुसरे पेशंट बसले होते, त्यांचे नातेवाईक बसले होते, कोणीतरी डबा खात होतं.

"दोन," सुचेता म्हणाली.

मुलीने बटण फिरवलं.

"दोनच."

आणखी फिरवलं. सुचेताच्या पायाची बोटं आखडली. पण पाहुण्याच्या घरी चहा विचारल्यावर "अर्धाच कप द्या" म्हणावं, तशी ती म्हणाली, "अडीच असेल." चार लोकांच्या देखत स्वतःला एकदम पाच मागून घ्यायचं, हे तिच्या रीतीत बसणारं नव्हतं. मुलगी फिरवत राहिली. पडद्याबाहेर बसलेल्या खरोट्यांना बायकोचा अभिमान वाटला. आपली बायको खमकी आहे, असं त्यांनी शेजारच्या डबेवाल्याला सांगितलंही.

त्यानंतरचे दिवस छान गेले, असं म्हणायला हरकत नव्हती. गुडघा दुखत नव्हता. खरोटे स्टुलावर चढून पंखे पुसू लागले, जिन्यावरून खाली जाऊन उगाच वर येऊ लागले. संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणतोय आपला गुडघा?" सुचेता म्हणायची, "आहे थोडं." आणि त्यांच्यापुढे शिऱ्याची बशी ठेवायची. ती अलीकडे विलक्षण मायेने वागत होती. फोनवर कोणाला तरी सांगताना त्यांनी ऐकलं होतं, "केवढं सोसतायत हो, कल्पना नाही येणार." आपण नेमकं काय सोसतोय ते खरोट्यांना आठवेना. पण शिरा चांगला होता, म्हणून त्यांनी तो विषय वाढवला नाही.

चैन मात्र पडत नव्हती. सोफ्यावर बसले की उठावंसं वाटायचं, उठले की चालावंसं वाटायचं. पाय आपलाच, पण भाड्याने दिलेल्या खोलीसारखा; आत काय चाललंय याची खबर नाही. पायाला विचारावं तर पाय गप्प, बायकोला विचारावं तर बायको गप्प. रात्री कुशीवर वळताना गुडघा कशाला तरी आपटायचा आणि अंधारात पलीकडे सुचेताचा श्वास एकदम थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा. खरोटे छताकडे बघत पडून राहायचे. विचारायला काही सापडायचं नाही.

अशा अस्वस्थ पेशंटांसाठीच इस्पितळं आणि बागा यांनी हातमिळवणी केली होती. डिस्चार्जच्या पिशवीत वेदनाशामक गोळ्यांच्या जागी धमालगडाचे पास येऊ लागले होते. पेशंटला सुट्टी असते, दुखत काही नसतं, आणि घरात बसून तो सगळ्यांचं डोकं खातो. याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळायचं? गडाचा नियम साधा होता: सोबतीने बटण दाबलं नाही तोवर पेशंट ठणठणीत.

सोबत्यांसाठी गडावर एक काचेचा थंडगार महाल होता. झुलत्या खुर्च्या, कोकम सरबत, मंद सनई. आत सगळ्या जणी, आणि मोजके जण, आपापला नसलेला अवयव धरून बसले होते. बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या. दारातच एक गृहस्थ खुबा दाबून विव्हळत होते.

"आई गं... बसा म्हणावं त्यांना कोणीतरी!" त्यांनी बटण दाबलं. "नमस्कार. मी दाभाडे. सासूबाईंचा खुबा माझ्याकडे आहे."

"जावयाकडे?" खरोट्यांना राहवलं नाही.

"एकुलता एक जावई. लग्नात तर त्यांनीच सांगितलं होतं, तुम्हाला कसला त्रास होऊ देणार नाही." दाभाड्यांनी पुन्हा बटण दाबलं. बाहेर बाकावर एक म्हातारी मनगट झटकत होती आणि काचेतून यांच्याकडे रागाने बघत होती. "सकाळपासून झुकझुक गाडीत बसायचं म्हणतायत. चढूच देत नाही मी. मला चार झालं की दाबतो. चार म्हणजे काय कमी आहे का हो?"

"तुम्हाला किती होतं, मॅडम?" त्यांनी सुचेताला विचारलं.

"आहे थोडं," सुचेता म्हणाली आणि खुर्चीत बसताना आधी एक हात, मग दुसरा हात टेकवून बसली. खरोट्यांनी ते पाहिलं. का कोण जाणे, ते त्यांना बघवलं नाही. "मी येतो एक फेरी मारून," म्हणून ते बाहेर पडले.

फेरी मारली ती तोफखान्यात. लोखंडी गाड्यांत बसून एकमेकांवर आपटायचं असतं तिथे. खरोटे पाच-सहा वेळा आपटले, एकदा गुडघ्यावर. कंप आला नाही. मग ते भुयारातून गेले, दोरखंडाच्या पुलावरून गेले. प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर काचेकडे बघायचे. सुचेता हात करायची, पुढे जा म्हणायची. ते पुढे जायचे. मजा येत होती का? येत असावी. एक संपेपर्यंत दुसरं गाठायची इतकी घाई होती, की मजा तपासायला वेळ नव्हता.

शेवटी उरला कडेलोट. गडाचं खरं आकर्षण तेच. उंच बुरुजाच्या कडेला खुर्च्यांची एक रांग. माणसं बसली, की रांग आधी थोडी वर चढायची, क्षणभर थांबायची आणि खाली सोडून द्यायची. पूर्वी ही शिक्षा होती, आता यासाठी रांगा लागतात, असं पाटीवर लिहिलेलं होतं आणि ते गमतीने लिहिलेलं असावं. बुरुजावर जायला लिफ्ट नव्हती. ऐतिहासिक वातावरण जपण्यासाठी दगडी पायऱ्या ठेवल्या होत्या आणि पायऱ्यांवर गर्दी होती.

खरोटे बरेच वर पोचले होते. मागून लोंढा आला. कोणाला तरी जागा द्यायला ते वळले, शरीर वळलं आणि पाऊल पायरीच्या खाचेत तसंच राहिलं.

टक्.

"काका, काहीतरी तुटलं का हो?" मागचा माणूस म्हणाला.

"बूट असेल," खरोटे म्हणाले. त्यांना काहीही वाटलं नव्हतं. त्यांनी मनगटाकडे पाहिलं. मनगट शांत. बटण दाबलं गेलेलं नाही, म्हणजे नियमाप्रमाणे ते ठणठणीत होते. रांग पुढे सरकली. पण त्यांचं पाऊल उचलेना. पाय तयार होता, पायाला काय होतंय! आवाज त्यांनी ऐकला होता. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की हे लिगामेंट पुन्हा सुटलं तर दुसऱ्यांदा लावायला जागा उरणार नाही. मग आयुष्यभर काठी.

त्यांनी वळून काचेच्या महालाकडे पाहिलं.

सुचेता उभी होती. एका हाताने तिने खुर्चीची पाठ धरली होती. दुसऱ्या हाताने ती त्यांना, नेहमीसारखंच, पुढे जा म्हणत होती. चेहऱ्यावर हसू होतं. शाळेच्या फोटोत असतं तसं, सांगितल्यावर केलेलं.

खरोटे रांगेतून बाहेर पडून खाली उतरू लागले. एक पायरी, डावा पाय. दुसरी पायरी, उजवा पाय. सुचेताचे डोळे मिटले आणि उघडले. पुन्हा डावा, काही नाही. पुन्हा उजवा, डोळे मिटले.

ते थांबले. ते इंजिनिअर होते. नळ कुठला आणि पाणी कुठे येतंय हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी उजवा पाय उचलला आणि धरून ठेवला. काचेपलीकडे सुचेताचे खांदे खाली आले. त्यांनी पाऊल हलकेच टेकवलं. खांदे वर गेले. उचललं, खाली. टेकवलं, वर, आणि या वेळी ओठही आत ओढले गेले. तिला वाटत होतं, ते दुरून नुसते आपल्याकडे बघतायत. तिने पुन्हा हात केला. जा, जा.

भर गर्दीत, पायऱ्यांच्या मधोमध, उन्मेष खरोटे बगळ्यासारखे एका पायावर उभे राहिले. इतके दिवस आपण आपल्या पायावर चालत नव्हतो, हे त्यांना कळलं आणि कळल्यावर पाय खाली ठेवायची सोय उरली नाही.

मग ते लंगडी घालत निघाले. कठडा धरून पायऱ्या उतरले, तोफखान्यावरून गेले, झुकझुक गाडीच्या रुळांवरून गेले. लोकांना वाटलं, हा करमणुकीचाच एक भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "साहेब, खुर्ची देऊ का चाकाची?" एका मावळ्याने विचारलं. "लांब आहे का?" "ऑफिसातून आणावी लागेल." "मग राहू दे," खरोटे धापा टाकत म्हणाले. बाकावरच्या म्हातारीने त्यांना पुढे जाताना पाहिलं आणि काचेतल्या जावयाला ओरडून सांगितलं, "बघा! त्यांना सोडतात!"

महालाच्या दारात पोचल्यावर ते चौकटीला टेकले. "बटण का नाही दाबलंस?"

"अहो, आधी पाय खाली ठेवू नका!" सुचेता म्हणाली.

वैद्यखाना शेजारीच होता. तिथली तंत्रज्ञ रेश्मा जेवायला निघाली होती, ती परत बसली. खरोट्यांना टेबलावर आडवं करून तिने गुडघ्यावरून मशीन फिरवलं. सुचेताने टेबलाची कड धरली. "थोडं उसवलंय," रेश्मा म्हणाली. "सुटलेलं नाही. वरून उडी मारली असती तर गेलंच होतं. आता पाय हलवायचा नाही, आवळपट्टी बांधते." मग तिने सुचेताच्या पट्ट्याचं सेटिंग स्क्रीनवर उघडलं आणि डोळे बारीक केले. "हे कोणी ठेवलंय? पाचपट आहे."

"कसलं पाचपट?" खरोटे उठून बसले.

"सरांना जेवढं दुखलं असतं त्याच्या पाचपट मॅडमना जातंय. सोबती पाच म्हणेपर्यंत वाढवायचं असतं ना. तुम्ही पाच कधी म्हणालात, मॅडम?"

"म्हणालेच नाही. ती मुलगी फिरवून फिरवून दमली बिचारी, म्हणून शेवटी साडेचार म्हटलं."

खरोट्यांना वाटलं, आता ती रडेल. रडणाऱ्या माणसाला काय म्हणतात त्याची ते मनात जुळवाजुळव करू लागले.

"एक मिनिट," सुचेता म्हणाली. "म्हणजे यांना एवढं दुखलंच नसतं?"

"नाही. नॉर्मल गुडघा आहे यांचा."

"नॉर्मल?" सुचेता नवऱ्याकडे वळली. "नॉर्मल! आणि मी तुमच्या आईंना रोज फोन करून सांगतेय, केवढं सोसतायत म्हणून! शिरा काय, तेल लावून देणं काय... वर्गात फळा धरून उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, हे जर त्यांच्या वाट्याला गेलं असतं तर काय झालं असतं त्यांचं!"

"अगं, पण तू बोलायचंस ना!"

"काय बोलणार? बोलले असते तर पट्टा काढला असता. मग ते सगळं तुमच्याकडे. मला सोसवत नव्हतं ते तुम्हाला सोसणार होतं? इंजेक्शन घेताना माझा हात लागतो तुम्हाला."

रेश्मा आवळपट्टी बांधण्यात गुंतल्याचं दाखवत होती. "जुळवून देते, मॅडम, आत्ता. एकपट करते. बसा, परत आकडे सांगा."

सुचेता लगेच खुर्चीत बसली आणि सलवार वर सरकवू लागली. एवढं सगळं कळल्यानंतर, अजून गळ्यापर्यंत संतापलेली असताना, ती सवयीने बसली. ते पाहून खरोट्यांना जो धक्का बसला तो पाचपट ऐकून बसला नव्हता.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?"

"माझं मला परत द्या."

"सर, सोबती काढला की कडी बंद करावी लागते. नियम आहे," रेश्मा म्हणाली. "सगळं तुमच्याकडे येणार. आणि आज ताजं उसवलंय. गोळी देते, पण चढायला वेळ लागेल."

"येऊ दे," खरोटे म्हणाले. आवाज चांगला खालच्या पट्टीत लागला होता. सुचेताने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिने तो पट्टा स्वतःच सोडला, थोडा वेळ हातात धरला आणि टेबलावर ठेवला. रेश्माने स्क्रीनवर बोट टेकवलं.

"आई आई आई गं! मेलो! अगं, बंद कर! मेलो!"

वैद्यखान्याचं दार उघडून दाभाड्यांनी डोकं आत घातलं. "साहेब, बटण दाबा, बटण!"

"कोणाचं दाबू!" खरोटे ओरडले.

गोळी आली, पाणी आलं. बोंब हळूहळू कण्हण्यापर्यंत उतरली. खरोट्यांनी घाम पुसला आणि बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे फार बारकाईने बघत होती. नकाशात एखादं गाव शोधावं तसं.

"रेश्मा," ती म्हणाली, "हे आत्ता यांना होतंय, ते एकपट?"

"हो, मॅडम. तुम्हाला मघापासून जात होतं त्याचा पाचवा हिस्सा."

"हो का," सुचेता म्हणाली.

ती हसली असती तर बरं झालं असतं. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. टोमण्याला खरोट्यांकडे उत्तरं होती. ती उठली आणि खोलीतल्या खोलीत चालू लागली. दुकानात नवी चप्पल घालून बघतात तशी: चार पावलं इकडे, चार तिकडे. गुडघा वाकवून पाहिला. टाच आपटली, जोरात. पुन्हा आपटली. इतके दिवस जी अस्वस्थता खरोट्यांच्या पायात होती ती त्या सबंध बाईत शिरल्यासारखी वाटत होती. ती खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"घरी जाऊया आपण," खरोटे म्हणाले. "चाकाची खुर्ची मागवतो."

"पाय हलवायचा नाही ना तुम्हाला?"

"हो, पण..."

"मग बसा." तिने पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली. "मी आले."

"कुठे चाललीस? सुचेता! मला दुखतंय!"

"माहितेय मला," ती दारातून म्हणाली. "किती ते सुद्धा माहितेय."

मावळ्याने त्यांना चाकाच्या खुर्चीतून काचेच्या महालात आणून सोडलं. दाभाड्यांनी सरकून जागा दिली, कोकम सरबताचा पेला हातात दिला. खरोट्यांच्या मनगटावर आता काही नव्हतं. दाबायला बटण नव्हतं आणि कंप येण्याजोगं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी काचेतून पाहिलं. सुचेताने ओढणी कमरेला गुंडाळली होती आणि दगडी पायऱ्या ती भराभर चढत होती. मध्येच लोकांना बाजूला करत होती. शाळेत मुलांना करत असेल, तसं. या चढणाऱ्या बाईच्या आत काय चाललंय हे सांगणारी कुठलीही कडी खरोट्यांच्यात बसवलेली नव्हती. गुडघा ठणकत होता आणि तो तेवढाच, त्यांचाच.

बुरुजाच्या कडेवर खुर्च्यांची रांग भरली. समोरच्या उन्हामुळे ओढणीचा रंग तेवढा ओळखू येत होता. खरोट्यांनी हात वर केला. तिने खाली पाहिलं नाही. रांग थोडी वर चढली, थांबली, आणि सुटली.

किंकाळ्यांचा लोट काचेतूनही आत आला. त्यात एक बारीक होती, शिट्टीसारखी. एक पुरुषी, घोगरी. एक मधेच हसण्यात फुटणारी. एक सलग, पोटातून आलेली, बाकी सगळ्या थांबल्यावरही न थांबणारी. खरोटे एकेक तपासू लागले. यातली तिची कुठली? त्यांनी आठवून पाहिलं. बाळंतपणात ते बाहेर बाकावर बसले होते आणि आतून आवाज आला नव्हता. वरणाचं आधण हातावर सांडलं होतं, तेव्हाही नाही. जुळवून बघायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

खुर्च्या खाली टेकल्या. लोक उतरले, नवे चढले. ओढणी जागेवरून हलली नाही. रांग पुन्हा वर निघाली, तसे खरोटे खुर्चीतून पुढे वाकले, गुडघ्यातून कळ गेली, आणि त्यांनी काचेला कान लावला.